फेब्रुवारीत ओ देणारी मेथड

गणपतीच्या आधी घर आवरायला काढतात, तसा त्या वर्षी ऑगस्टात आम्ही कोड आवरायला काढला होता. पुण्यातली छोटी कंपनी, पगारपत्रकं काढणारं सॉफ्टवेअर, रूबी या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेलं, आणि माझ्या आधी चार जणांचे हात लागून गेलेले. माझ्या वाट्याला अडगळ काढायचं काम आलं. पद्धत सोपी होती. एकेका मेथडचं, म्हणजे कोडमधल्या नाव दिलेल्या कामाच्या तुकड्याचं, नाव घ्यायचं आणि सगळ्या फायलींत शोधायचं. जिथं ती लिहिली आहे तेवढी एकच जागा सापडली, तर तिला कोणी बोलावत नाही. आणि कोणी बोलावत नसेल तर ठेवायची कशाला? दोन दिवसांत चाळीसेक मेथड्स गेल्या. खोडलेल्या ओळी पडद्यावर लाल दिसतात. तो लाल रंग बघून मला माळा रिकामा केल्याचं समाधान होत होतं.

त्यातलीच एक 'पीटी_फेब'. जेमतेम सात ओळींची. शोधली, एकच जागा सापडली. नावावरून वाटलं, कुठल्या तरी जुन्या फेब्रुवारीत घाईघाईनं मारलेलं ठिगळ असेल. खोडली. टेस्ट, म्हणजे कोड बरोबर चालतो का ते तपासणारे छोटे प्रोग्रॅम, चालवल्या, सगळ्या हिरव्या. ऑगस्टचे पगार झाले, सप्टेंबरचे झाले, दिवाळीचा बोनस झाला, जानेवारी गेला. कुठं खुट्ट झालं नाही.

पीटी म्हणजे प्रोफेशन टॅक्स, मराठीत व्यवसाय कर. महाराष्ट्रात पगाराची स्लिप हातात पडणाऱ्या प्रत्येकाला ही ओळ माहीत असते. महिन्याला दहा हजारांच्या वर (बायकांसाठी २०२३ पासून पंचवीस हजारांच्या वर) पगार असेल तर दर महिन्याला २०० रुपये कापले जातात आणि फेब्रुवारीत ३००. हे फेब्रुवारीचं लफडं राज्यघटनेपर्यंत जातं. कलम २७६ म्हणतं, असा कर एका माणसाकडून वर्षाला २,५०० रुपयांच्या वर घेता येणार नाही. ही मर्यादा आधी २५० रुपये होती, १९८८ मध्ये घटनादुरुस्ती होऊन वाढली. आता दोनशे गुणिले बारा होतात चोवीसशे. उरले शंभर. ते कोण सोडणार? ते फेब्रुवारीवर टाकले. म्हणजे आमच्या कोडमधल्या त्या सात ओळींच्या मागं भारताचं संविधान उभं होतं, आणि मी ते 'जुनं ठिगळ' म्हणून काढून टाकलं. त्यातली खरी लाज अशी की माझ्या स्वतःच्या स्लिपवरही दर फेब्रुवारीत ३०० कापले जात होते. मी खालचा आकडा बघून स्लिप बंद करणाऱ्यांपैकी.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात एका ग्राहक कारखान्याच्या हिशेबनीस बाईंचा फोन आला. आवाजात राग नव्हता, कुतूहलच जास्त होतं.

"सर, तुमच्याकडे फेब्रुवारी झाला नाही का यंदा?"

मला काही कळेना. मग त्यांनी शांतपणे समजावलं. साडेसहाशे माणसं, प्रत्येकाचे दोनशेच कापलेत. सरकारला भरायचे तीनशेच्या हिशेबानं. वरचे पासष्ट हजार कोणी भरायचे? मार्चच्या पगारातून वसूल करता येतील म्हणा, पण फेब्रुवारीतच सोडून गेलेल्या तिघांचं काय?

रूबीनं एकही एरर दिली नव्हती, हे मला सगळ्यात जास्त लागलं. प्रोग्रॅम पडला असता तर त्याच मिनिटाला कळलं असतं. मग मी ते कापणीचं कोड पहिल्यांदा नीट वाचलं. आधीच्या कोणी तरी असं लिहिलं होतं: चालू महिन्याच्या इंग्रजी नावाची पहिली तीन अक्षरं घे, त्यांच्या आधी 'पीटी_' जोड, आणि या नावाची मेथड तुझ्याकडे आहे का, असं ऑब्जेक्टला, म्हणजे प्रोग्रॅममधल्या त्या कर्मचाऱ्याच्या प्रतिनिधीला, विचार. असेल तर तिला बोलव. नसेल तर 'पीटी_नेहमीची' आहेच, दोनशे रुपयांची.

म्हणजे मेथडला हाक वर्षातून एकदाच मारली जात होती, आणि तीही नावाचे दोन तुकडे जोडून. 'पीटी_' एका ओळीत होतं, 'फेब' कॅलेंडरमधून येत होतं. पूर्ण नाव त्या सबंध कोडमध्ये कोणीच उच्चारत नव्हतं. मी शोधलं ते पूर्ण नाव. सापडणार कसं?

एरवी आपण मेथडला बोलावतो तेव्हा तिचं नाव उघड लिहिलेलं असतं. कर्मचारी, टिंब, पगार. सी प्लस प्लससारख्या भाषेत कंपायलर, म्हणजे कोड मशीनच्या भाषेत नेणारा प्रोग्रॅम, ते नाव वाचतो, अशी मेथड आहे का ते तिथल्या तिथं तपासतो, आणि मग नावाचं त्याला काही देणंघेणं उरत नाही. व्हर्च्युअल मेथड असेल तर राहतो तो एका तक्त्यातला क्रमांक. तालुक्याच्या कचेरीत माणसाचा सर्व्हे नंबर होतो तसं. चूक असेल तर कंपायलर प्रोग्रॅम चालूच देत नाही, आणि शोधलं तर नाव दोन्ही टोकांना सापडतं.

दुसऱ्या तऱ्हेत नाव हीच माहिती असते, बाकीच्या माहितीसारखी. ते डेटाबेसमधून येऊ शकतं, फायलीतून येऊ शकतं, कॅलेंडरमधून येऊ शकतं. रूबीत 'सेंड'ला नाव द्यायचं की ती मेथड चालते. पायथनमध्ये 'गेटॲटर' नावावरून मेथड आणून हातात देतो, मग तिला बोलवायचं. पीएचपीत बाणाच्या पुढं सरळ व्हेरिएबल लिहिता येतं, जावास्क्रिप्टमध्ये टिंबाऐवजी चौकटी कंस. जावात मात्र हे काम सरकारी खिडकीवर अर्ज केल्यासारखं आहे. १९९७ च्या १.१ आवृत्तीपासून सोय आहे, पण आधी क्लासचा ऑब्जेक्ट मिळवा, त्याच्याकडे मेथडचं नाव आणि तिला लागणाऱ्या गोष्टींचे प्रकार सादर करा, मेथडचा ऑब्जेक्ट घ्या, 'इन्व्होक' करा, आणि अशी मेथडच नाही, तुम्हाला परवानगी नाही, मेथड आतून कोसळली, या तिन्ही एररांची तजवीज आधी करून ठेवा. तेव्हा याचा वैताग यायचा. पीटी_फेबनंतर जावाच्या त्या कटकटीबद्दल मला जरा आदर वाटू लागला.

या सगळ्याचं मूळ गाव स्मॉलटॉक. सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात ॲलन के, डॅन इंगल्स, अडेल गोल्डबर्ग आणि मंडळींनी ती भाषा घडवली. के यांनी गणिताबरोबर रेण्वीय जीवशास्त्रही शिकलेलं होतं, आणि ऑब्जेक्ट म्हणजे एकमेकींना निरोप धाडणाऱ्या पेशी अशी त्यांची कल्पना होती. त्यांच्या लेखी ऑब्जेक्टपेक्षा निरोप मोठा. स्मॉलटॉकमध्ये एक अधिक दोन म्हणजेही एक या ऑब्जेक्टला धाडलेला 'अधिक, दोन' असा निरोप. निरोप पोचल्यावर त्याचं काय करायचं ते ऑब्जेक्ट ठरवणार, तेही प्रोग्रॅम चालू असताना. नाव ऐनवेळी ठरणार असेल तर 'पर्फॉर्म' वापरायचं. आणि असं काही मला येत नाही हे सांगायलाही तिथं एक निरोपच आहे, 'डझ नॉट अंडरस्टँड'. तोसुद्धा तुम्हाला आपल्या पद्धतीनं लिहिता येतो.

आम्ही कामाच्या ठिकाणी 'मेथड कॉल केली' म्हणतो. कॉल म्हटलं की हुकूम वाटतो, केला की झालंच. माझ्या डोक्यात मात्र स्मॉलटॉक वाचल्यापासून 'हाक मारणं' बसलंय, कारण मराठीत हाकेला एक जोडीदार शब्द आहे: ओ देणं. हाक मारणारा एक, ओ देणारा दुसरा, आणि ओ द्यायची की नाही हे दुसऱ्याच्या हातात. रूबीतलं 'रिस्पाँड टू' मला नेहमी तसंच ऐकू येतं. या नावाला ओ देशील का रे?

रूबीनं स्मॉलटॉकची ती 'समजलं नाही'ची युक्ती 'मेथड मिसिंग' या नावानं घेतली. रेल्स या रूबीतल्या वेबसाइट बांधायच्या साधनाच्या कर्त्यांनी तिच्यावर एकेकाळी मोठा बंगला बांधला. डेटाबेसच्या तक्त्यात 'ईमेल' नावाचा रकाना असेल, तर 'फाइंड बाय ईमेल' ही मेथड कोणी न लिहिता चालायची. रकान्यांची नावं जोडत गेलं की नवीन मेथड तयार. पहिल्यांदा बघितलं तेव्हा जादू वाटली होती. मग एकदा नावात एक अक्षर चुकलं, आणि भलताच ऑब्जेक्ट भलत्याच ठिकाणी ओ देत होता. कुठल्याही नावाला ओ देणारं माणूस घरात असलं की खरं कोणाला बोलावलं होतं तेच कळेनासं होतं.

ओ देण्यावरून आजीची आठवण येते. कुडाळच्या बाजूला आमची वाडी. घरं लांब लांब, मधे माडाची बाग, व्हाळ. मोबाइल नव्हते तेव्हा सगळा कारभार हाकेवर चालायचा. दिवसा कोणीही हाक मारली की आजी भाकरी थापता थापता ओ द्यायची. रात्री नाही. रात्री बाहेरून कोणी नावानं हाक मारली तर ती हातातलं काम थांबवून गप्प बसायची. आम्ही पोरं उठायला लागलो की दटावायची, "तिसरी हाक इल्याशिवाय ओ देव नको!" रात्री पहिल्या हाकेला ओ देणाऱ्याला चकवा घेऊन जातो, अशी समजूत. गंमत म्हणजे गावात सगळ्यांना हे माहीत होतं. त्यामुळं रात्री शेजारचे काका आले तर ते वाट न बघता आपल्याच चालीत तीन हाका लागोपाठ मारून मोकळे व्हायचे. मी एकदा आजीला विचारलं, मग चकव्याला पण हे माहीत झालं असेल की. तिनं क्षणभरही विचार केला नाही. "तेका तिसरी हाक मारूक येना नाय."

पुढं कितीतरी वर्षांनी सुरक्षेच्या एका प्रशिक्षणात बसलो होतो, तेव्हा हे वाक्य आठवलं. समोरचा माणूस दाखवत होता की वेबपानावरून आलेला मजकूर तसाच 'सेंड'ला दिला तर काय होतं. रूबीत 'एक्झिट' नावाची मेथड जवळपास प्रत्येक ऑब्जेक्टकडे असते. ती खासगी, बाहेरून टिंब लावून बोलावता येत नाही. पण 'सेंड' खासगी-सार्वजनिक काही मानत नाही. बाहेरच्या कोणी नाव म्हणून 'एक्झिट' धाडलं की ऑब्जेक्ट बिचारा ओ देतो, आणि प्रोग्रॅमच बंद पडायला निघतो. यावर उतारा म्हणून 'पब्लिक सेंड' आहे. खासगी मेथडला तो हात लावत नाही. पण सार्वजनिक मेथड्समध्येही 'डिलीट' असतेच की.

जावाच्या जगातलं उदाहरण जास्त महागात पडलेलं आहे. अपाचीच्या स्ट्रट्स २ या वेबसाइट बांधायच्या फ्रेमवर्कमध्ये अशी सोय होती की वेबपानाच्या पत्त्यातच, ॲक्शनच्या नावापुढं उद्गारचिन्ह देऊन, कुठली मेथड चालवायची ते सांगता येई. नावच तसं होतं, डायनॅमिक मेथड इन्व्होकेशन. लिहिणाऱ्याचे चार शब्द वाचत. २०१३ मध्ये धोका ओळखून ही सोय मुळात बंद ठेवायचं ठरलं, पण ज्यांचं काम तिच्यावर चालत होतं त्यांनी ती पुन्हा चालू केली. २०१६ मध्ये उघडकीला आलं की 'मेथड:' या शब्दापुढचा मजकूर निव्वळ नाव म्हणून न घेता चालवायचं सूत्र म्हणून घेतला जातो. म्हणजे पत्त्यात नावाच्या जागी हवं ते सूत्र लिहा, सर्व्हर इमानेइतबारे चालवणार. त्यानंतरच्या २.५ आवृत्तीत उलटा नियम आला: ज्या नावांना परवानगी दिली आहे तेवढ्यांनाच ओ.

हेच काम किती साधेपणानं होऊ शकतं, ते पायथनबरोबर येणाऱ्या छोट्या वेब सर्व्हरमध्ये दिसतं. ब्राउझर सांगतो 'गेट' किंवा 'पोस्ट'. सर्व्हर त्या शब्दाच्या आधी 'डू_' जोडतो आणि स्वतःला विचारतो, 'डू_गेट' आहे का माझ्याकडे? असेल तर चालवतो, नसेल तर ५०१ क्रमांकाची एरर देऊन दार लावतो. बाहेरचा माणूस काहीही बडबडला तरी त्याच्या हाकेला 'डू_' चिकटणारच, त्यामुळं घरातल्या बाकीच्या मेथड्सपर्यंत ती पोचतच नाही. तीन अक्षरांचा उंबरठा. आमचं 'पीटी_' हाही खरं तर तसाच उंबरठा होता. लिहिणारा अगदीच बावळट नव्हता.

टेस्टच्या जगातही हीच रीत. केंट बेक आणि एरिक गामा यांच्या जेयुनिट या जावातल्या टेस्ट चालवायच्या साधनात सुरुवातीला मेथडचं नाव 'टेस्ट'नं सुरू झालं की ती आपोआप चालायची. पायथनच्या युनिटटेस्टमध्ये अजून तसंच आहे. घाईत 'टेस्ट'च्या स्पेलिंगमधली दोन अक्षरं उलटसुलट झाली, तर ती टेस्ट कधीच चालत नाही, नापासही होत नाही, आणि आपण हिरव्या खुणा बघून घरी जातो. जेयुनिटनं २००६ मध्ये चौथ्या आवृत्तीत नावाचा भरवसा सोडून मेथडच्या डोक्यावर '@टेस्ट' असा टिळा लावायची पद्धत आणली. नाव काहीही ठेवा, टिळा दिसला की चालवू.

नाव स्ट्रिंग झालं की लिपीसुद्धा आडवी येते. पायथन ३ मध्ये देवनागरीत मेथडचं नाव देता येतं, म्हणून हौसेनं मी एकदा 'दुसऱ्या_हाकेला' अशी मेथड लिहिली. यातला अर्धा 'ऱ' दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक अख्खं अक्षर, नाहीतर साधा र आणि खाली नुक्ता. पडद्यावर दोन्ही जुळे भाऊ. कोडमध्ये उघड लिहिलेलं नाव पायथन स्वतः एका ठरलेल्या रूपात आणतो, त्यामुळं तिथं कुठलाही र चालतो. पण 'गेटॲटर'ला दिलेल्या स्ट्रिंगला तो हात लावत नाही. नुक्तावाला र पाठवला, तर डोळ्यांदेखत समोर असलेली मेथड 'नाही' म्हणून सांगतो. अर्धा तास मी पडद्याकडे बघत बसलो होतो. आपली भाषा चालते म्हणून खूश व्हावं, तर आपल्याच अक्षरानं दगा दिला.

फेब्रुवारीकडे परत येतो. तिघांचे तीनशे रुपये आमच्या कंपनीनं भरून दिले, बाकीच्यांचे मार्चमध्ये कापले गेले, आणि मला मीटिंगमध्ये जे ऐकावं लागलं ते ऐकलं. नंतर दुरुस्ती काय करायची यावर वाद झाला. माझं म्हणणं, आणि आजही तेच आहे, की मुळात इथं नावानं हाक मारायची गरजच नव्हती. बारा महिने, बारा आकडे, त्यातले अकरा सारखे. एक तक्ता लिहिला असता तर वाचणाऱ्याला एका नजरेत फेब्रुवारी दिसला असता. ब्राउझर काय मागेल हे सर्व्हरला आधी माहीत नसतं, कोण कुठली टेस्ट लिहील हे टेस्ट चालवणाऱ्याला माहीत नसतं, तिथं नावावरून बोलावण्याला इलाज नाही. पण पुढच्या वर्षी फेब्रुवारी येणार हे कोणाला माहीत नव्हतं? आमच्या धंद्यात पाच ओळींची हुशारी दिसली की एका ओळीचा साधेपणा कोणाला आवडत नाही. मीही तरुणपणी असले किल्ले बांधलेले आहेत, त्यामुळं कोणाला नावं ठेवायचा मला फारसा हक्क नाही.

तक्त्याचं माझं म्हणणं बारगळलं. कामगार कल्याण निधी जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये कापायचा, त्याच्याही मेथड्स याच पद्धतीनं बांधलेल्या होत्या, आणि सगळं उकरायला वेळ कोणाकडे नव्हता. मी पीटी_फेब परत आणली. जुन्या नोंदींतून तशीच्या तशी, सात ओळी. तिच्या डोक्यावर एक टीप लिहिली: 'हिला दर फेब्रुवारीत हाक येते. हाक शोधून सापडणार नाही. खोडू नये.' खाली एक टेस्टही लिहिली, कॅलेंडर जबरदस्तीनं फेब्रुवारीवर नेऊन तीनशे कापले जातात का ते बघणारी.

हिशेबनीस बाईंचा मात्र त्या टेस्टवर विश्वास बसला नाही. पुढची तीन वर्षं, मी ती नोकरी सोडेपर्यंत, फेब्रुवारीच्या वीस-एकवीस तारखेला त्यांचा फोन यायचा. हवापाण्याचं बोलणं व्हायचं, मुलाची दहावी, कारखान्यातला संप. आणि मग शेवटी, फोन ठेवता ठेवता:

"सर, आहे ना ती?"

"थांबा हं," म्हणून मी कन्सोल उघडायचो, एका कर्मचाऱ्याचा ऑब्जेक्ट बनवायचो आणि पूर्ण नाव टाइप करून विचारायचो, या नावाला ओ देशील का? खाली उत्तर उमटायचं, ट्रू.

"आहे हो बाई."